शेकडा पाच

कुनी नुसतं 'पन्नास टक्के' म्हनलं की माझ्या तोंडातनं आपसूक जातंय, "कशाचे?"

घरातली पोरं हसत्यात. नातू कंपनीतनं शिफ्ट करून येतो, म्हनतो, "आजी, यंदा काम वीस टक्क्यानं वाढलं." मी भाकर थापता थापता इचारते, "कशाचे वीस?" त्यो म्हनतो, "अगं, शिकलीयास किती आन मलाच इचारतीस?"

सातवी. ती बी पुरी न्हाई, अर्धी. पन 'कशाचे' हा शब्द माझा न्हाईच. त्यो आंबेरकर गुरुजींचा. त्येंनी आमच्या गावात दीड वरीस शिकवलं, आन त्यातला येवढा एक शब्द माझ्यापाशी ऱ्हायला.

आमचं गाव कुरुळीच्या शेजारचं. आता जिथं कंपन्यांच्या ट्रका रांगंनं उभ्या असत्यात ना, तिथं समदं कांद्याचं रान व्हतं. इंग्रज जाऊन सात-आठ वरसं झाली असत्याल. पिंपरीकडं पहिल्या कंपन्या निघाय लागल्याल्या, पन आमच्यापत्तूर त्येचा निसता बोलबाला यायचा. साळा पाचवीपत्तूर व्हती. मंग एका वर्साला सहावी-सातवीचा वरचा वर्ग मिळाला, आन त्यो शिकवाय कोकनातनं आंबेरकर गुरुजी आले. मोठी मानसं त्येंला मास्तर म्हनायची. पाठीमागं 'कोकण्या मास्तर'.

अंगानं बारीक, छातीचा भाता, आन उनाळा असो हिवाळा असो, काखंत छत्री. डोक्यावर काळी टोपी, पन ती काळी कधी दिसायचीच न्हाई. फळा पुसायचं फडकं त्येंला कधी गावलं न्हाई. टोपी काढायची, फळा पुसायचा, टोपी परत डोक्यावर. दुपारपत्तूर टोपी पांढरी व्हयाची आन कपाळ बी. बाजरीची भाकर त्येंला पचायची न्हाई. पोटावर हात फिरवत म्हनायचे, "ही तुमची भाकरी नव्हे रे, हा दगडी पाटा आहे." तरी खायाचे. करून घालनारं घरात कुनी नव्हतं. बायको आन ल्हान मुलगी तिकडं कोकनातच. वर्ग पैल्या दोन वरसासाठी दिल्याला व्हता, मंग कायम व्हनार. कायम झाला की कुटुंब आननार, असं म्हनायचे. खोली आडापासली बगून घेतली, बाईला पानी लांब पडू नये म्हनून. आन कोपऱ्यात नारळ खवायची विळी आनून ठिवलेली. आमच्या गावात नारळ देवाला सोडून कुनी बगायचं न्हाई, आन ह्यांची विळी कोरी, भिंतीला टेकून बसल्याली.

वर्गात आमी वीस जन. सोळा पोरं, चार पोरी. पोरीत मी, गंगी, आन आनिक दोगी. सातवीची फायनल पास झाली की पोरीला सुदीक मास्तरीन व्हता यायचं. गुरुजी हे मला एकदाच बोलले, "सरू, तू मास्तरीण होशील." मी कुनाला सांगितलं न्हाई. आईला बी न्हाई. असं बोललं की जातंय, असं वाटायचं.

गुरुजींच्या खिशात चिचोक्यांची थैली असायची. मोजून शंभर चिचोके. शेकडेवारी त्येंनी त्येच्यावरच शिकवली. शंभर मांडायचे, दहा उचलायचे. "किती गेले?" "दहा." "शेकडा किती?" "दहा." हे समद्यांला यायचं. मंग पन्नास मांडायचे, दहा उचलायचे. "शेकडा किती?" अर्धी पोरं "दहा" म्हनायची. तवा गुरुजी वरडायचे न्हाईत, मारायचे तर न्हाईतच. खाली बसून घ्यायचे, जमिनीवर, आमच्या बरोबरीला, आन म्हनायचे, "कशाचे?" एकदा इचारलं की थांबायचे. मुठीतले चिचोके एकेक करून खाली सोडायचे, दहा हुईपत्तूर. तेवढ्यात कुनाच्या तरी डोक्यात उजेड पडायचा. "पन्नासाचे, गुरुजी! शेकडा वीस!" की उठायचे, धोतर झटकायचे.

एकदा समद्यांनी घरनं कांदे आनायला सांगितलं. वान्याचा तराजू मागून आनला आन टोपलीत मोजून चाळीस शेर कांदा भरला. टोपली साळंच्या आढ्याला बांधली. चैतात बांधलेली, भादव्यात उतरवली. कांदा सुकला, काय सडला, भरला तीस शेर.

"किती घटला?"

"दहा शेर."

"शेकडा?"

"पंचवीस!" ह्यो पाटलाचा दत्तू. हुशार पोरगं, पन उडानटप्पू.

"बरं. आता हाच तीस शेर परत चाळीस व्हायला शेकडा किती वाढायला पाहिजे?"

"पंचवीस!" दत्तूच.

गुरुजी खाली बसले. चिचोके पडाय लागले. सातवा पडला तवा मी बोलले, "तेहतीस. आन वर थोडं."

"का गो?"

"आता शेकडा तिसाचा धरायचा. त्यो बारका झाला."

गुरुजींनी माझ्याकडं असं बगितलं, की मी परत बसून घेतलं. मंग समद्यांला म्हनले, "ऐकलंत? घाट उतरताना जेवढ्या पायऱ्या, चढताना तेवढ्याच. पण हिशोबाचा घाट तसा नाही. खाली गेलात की पायरीच लहान होते. तितक्याच पायऱ्यांनी वर पोचत नाही." त्यांना बोलताना दम लागायचा, आन तरी घाटाच्याच गोष्टी सांगायचे.

दुसरी त्यांची खोड हजेरीची. नाव घेतलं की ज्याचं त्यानं 'हजर' म्हनायचं. शेजारच्यानं म्हनलं तर चालायचं न्हाई. खोकल्यानं पोराचा आवाज बसला असला तरी थांबायचे. "ज्याचं त्यानं म्हणायचं. जिचं तिनं म्हणायचं." आन गैरहजर पोराला हजर लिवायचं न्हाई. पाचवीपत्तूर शिकवनारे मोठे मास्तर त्येंला म्हनायचे, "अवो आंबेरकर, समदीकडं लिवत्यात. कागदच भरायचा हाय." गुरुजी म्हनायचे, "पोर रानात आहे. मी तिला शाळेत लिहिली, तर उद्या तिला आणायला कोण जाईल?"

आन खरंच जायाचे. पोर आलं न्हाई की सुट्टीत छत्री घिऊन रानात. बांधावर उभं ऱ्हाऊन हाळी द्यायचे, "अहो, माझे शेकडा पाच आहेत का इथं?" वीसातलं एक म्हंजी शेकडा पाच. गावात बाया हसायच्या. नदीवर धुनं धुताना म्हनायच्या, "सरे, गेलं का न्हाई तुझं शेकडा पाच साळंला?" मला ते नाव आवडायचं. घरात मी 'थोरली' नायतर 'ए पोरी'. कुनीतरी माझा आकडा धरून ठिवलाय, असं वाटायचं.

दुसऱ्या वर्सी पौषात कांदा लावनीला गडबड झाली. पानी कमी, आन रोपं समद्यांची एकदम तयार. वर्गात वीसाची दहा झाली. त्येच येळला कचेरीतनं कागद आला: साहेब सोमवारी तपासनीला येनार. पटावरच्या पोरांतली शेकडा ऐंशी बसल्याली दिसली तर वर्ग कायम, न्हाईतर बंद. शेकडा ऐंशी म्हंजी सोळा. हे गुरुजींनी फळ्यावर लिवलं आन ते पुसलंच न्हाई. त्या आठवड्यात टोपी काळी ऱ्हायली.

गुरुजी पाटलाकडं गेले. पाटील मानूस वाईट नव्हता. साळंची खोली त्येनंच बांधून दिल्याली. मोठ्या आवाजाचा, गावात मान, आन लिवनं-वाचनं जेमतेम सहीपुरतं. दत्तू घरी शेकडेवारीचे आकडे बोलायचा, ते ऐकून पाटलाला बी त्या शब्दाचा नाद लागल्याला. येता-जाता म्हनायचा, "यंदा बैल शेकडा धा बारीक झालाय." गुरुजींनी त्येला सांगितलं, "पाटील, मुलं निम्मी गेली. ती परत आणायला हवीत."

"म्हंजी शेकडा पन्नास कमी झाली म्हना की."

"हो. शेकडा पन्नास."

"बास? सोमवारपत्तूर मी ती भरून देतो. तुमी बिनघोर ऱ्हावा, मास्तर."

गुरुजी बिनघोर ऱ्हायले. तीच चूक झाली.

आता सावड म्हंजी काय ते सांगते, न्हाईतर पुढलं कळनार न्हाई. कांद्याची लावन बायकांची. आज समद्यांनी तुझ्या रानात, उद्या समद्यांनी माझ्या. घरटी एक बाई, मजुरी न्हाई. ज्या घरची बाई येत न्हाई, त्येच्या रानात कुनी जात न्हाई. आमच्या आईला आठ दिस झाले व्हते बाळंत हुऊन. आजी नव्हती. म्हनून आमच्या घरची बाई मी. बारा वरसाची. त्या सोमवारी सावड पाटलाच्याच रानात व्हती, आन आबा, माझा बाप, तिथंच मोटंवर पानी काढत व्हता.

पाटलानं शब्द पाळला. पाच घरांत सांगून पाच पोरं साळंत धाडली. त्यांच्या जागी सासवा, चुलत्या रानात आल्या. दहाची पंधरा झाली. तिथं पाटील थांबला.

सोमवारी सकाळी प्रार्थनेला गुरुजींनी डोकी मोजली. पंधरा. साहेब चाकनपत्तूर मोटारीनं येनार आन तिथनं पुढं बैलगाडीनं. दुपारपत्तूर येळ व्हता. गुरुजी तडक चावडीवर गेले. दत्तू त्यांच्या मागं पळत गेला, म्हनून तिथं काय झालं ते मला त्येच्याकडनं कळलं. त्यो ते पुढं जलमभर सांगायचा, दरखेपंला मान खाली घालून.

चावडीवर दहा-बारा मानसं बसल्याली. पाटील म्हनला, "या मास्तर. दिलं का न्हाई भरून?"

"पाटील, पंधराच आहेत."

"बराबर हाय की. शेकडा पन्नास गेल्याली, शेकडा पन्नास आनली. दहाची पंधरा. इचारा तुमच्या दत्तूला."

"पाटील, कशाचे पन्नास?"

"आता ह्यो कोनचा सवाल? पन्नास म्हंजी पन्नास."

एक म्हातारा म्हनला, "पाटील बरुबर बोलत्यात. गेलं तेवढं आलं. फिटांफीट."

गुरुजींनी तवा नुसतं म्हनायचं व्हतं, 'पाटील, आजच्या दिवसाला एक पोर द्या.' पाटलानं हसत दिलं असतं. एकच पोर पायजे व्हतं. पन गुरुजींना ते जमलं न्हाई. चूक दिसली की त्येंला ऱ्हावायचं न्हाई, मग फळा असो का चावडी. ते खाली बसले. पाटलाच्या पायापाशी, जमिनीवर. थैली काढली. वीस चिचोके मांडले. दहा उचलले. मंग म्हनले, "आता ह्या दहाचे निम्मे मिळवा, पाटील. तुमच्या हातानं."

पाटलानं काय करावं? समदी बगत व्हती. त्येनं पाच ठिवले.

"मोजा."

पाटलानं मोजले. बोट ठिवून, एक एक. पंधरा झाले, तवा मागं कुनीतरी फिसकन हसलं. मंग आनिक एक जन. म्हातारा म्हनला, "आयला, पाच गेले कुठं?" आन समदी चावडी हसली.

दत्तू म्हनायचा, बापाचं तोंड असं झालं, की मला वाटलं आता चिचोके लाथंनं उडवतोय. पन उडवले न्हाईत. पाटील उठला, पागोटं सारखं केलं आन म्हनला, "मास्तर, मला पाचवीत बसवताय का? आं? माझ्याच चावडीत? तुमचं आकडं तुमच्या साळंत ठिवा. आमी दिल्याला शब्द पुरा झाला." आन घोडीवर बसून निगून गेला. कुठं गेला ते कुनाला म्हाईत न्हाई. दिवस मावळंपत्तूर आला न्हाई.

गुरुजींला आपली चूक कधी कळली, ठावं न्हाई. चिचोके गोळा करताना कळली असंल. दत्तू म्हनायचा, गुरुजी लई येळ गोळा करत बसले.

मंग ते आमच्याकडं आले. मी वाफ्यात वाकल्याली, डाव्या हातात रोपाची जुडी. बांधावरनं हाळी आली न्हाई. रोजच्यासारखं 'माझे शेकडा पाच' म्हनले न्हाईत. नुसते धापा टाकत उभे. टोपी हातात, छत्री कुठं तरी ऱ्हायल्याली. मोटंपाशी जाऊन आबाला म्हनले, "बाबूराव, दुपारपर्यंत सरूला सोडा. फक्त दुपारपर्यंत."

आबानं बैलं थांबवली. म्हनला, "मास्तर, ही पाटलाची सावड. पाटलाला इचारल्याबिगर पोर कशी काढू?"

"पाटील गावात नाहीत."

"मंग तर न्हाईच. आमचं रान परवा हाय. घरात बाळंतीन. आज हिला काढली तर परवा माझ्या वाफ्यात कोन यील? रोप उपटून ठिवलंय, मास्तर. ते सुकतंय."

"एक मुलगी, बाबूराव. एकच कमी आहे."

"येका पोरीनं काय व्हतंय?"

गुरुजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता शेकडा पाच सांगत्याल, आता थैली काढत्याल. पन त्येंनी तोंड मिटलं. पैल्यांदाच बगितलं मी त्येंला न शिकवता.

मी उभी राहिले व्हते. मला ती समदी गोष्ट येत व्हती. पंधरा म्हंजी शेकडा पंच्याहत्तर, मी गेले की ऐंशी. आबाला सांगायचं तर सोपं व्हतं. माझ्या हातातली रोपंच बांधावर मांडून दाखवली असती. पन आबाचं म्हननं बी खोटं नव्हतं. रोप सुकतच व्हतं. मी आबाकडं बगितलं, गुरुजींकडं बगितलं. बाया हात थांबवून बगत व्हत्या. एक म्हनली, "सरे, वाफा तुंबला बग." मी वाकले.

वर बगितलं तवा गुरुजी पार वढ्यापल्याड गेल्याले.

साहेब आला. मोठे मास्तर म्हनले, चौथीतलं एक थोराड पोरगं आनून बसवू. गुरुजी न्हाई म्हनले. साहेबाच्या म्होरं हजेरी घेतली. माझं नाव आलं तवा गंगीनं डोकं लढवलं. मागच्या रांगंतनं आवाज बदलून म्हनली, "हजर!" साहेब लिवत व्हता, त्येनं मान बी वर केली न्हाई. गुरुजी म्हनले, "जिचं तिनं म्हणायचं," आन माझ्या नावाम्होरं गैरहजर लिवलं.

गंगी मला सांजच्याला हे सांगताना रडत व्हती. रागानं. "मी हजर म्हनले ग! त्येंनीच खोडलं!" माझे हात दुखत व्हते.

माघात कागद आला. वर्ग बंद, गुरुजींची बदली लांब कुठंतरी. पाटील त्या दिवशी सोताहून साळंत गेला म्हनं. "मास्तर, मी कचेरीत जातो, साहेबाचे पाय धरतो." गेला बी, दोन खेपा. तिथं त्येला सांगितलं, आकडा आकडा असतो. पाटील परत आला, घोडी बांधली आन घरात गेला. पुढल्या वैशाखात माझं लगीन झालं, तवा मांडवातनं निघताना आबा निसतं येवढंच म्हनला, "रोप जगलं व्हतं बग त्या वर्सी." मी म्हनलं, "व्हय."

गुरुजी गाव सोडून गेले तो दिवस सांगते आन थांबते.

वर्ग बंद झाल्यावर पोरं घरी कशाला बसत्यात? पाटलाच्या कांद्यात खुरपनी निघाल्याली. रान चाकनच्या वाटंला लागून. वर्गातली समदी तिथंच, हातात खुरपी. उन तापाय लागल्यालं. बगतो तर वाटंनं गुरुजी. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, खांद्याला वळकटी, आन वळकटीतनं त्या विळीचं पातं बाहेर आल्यालं. तशीच कोरी.

आमी उठून उभे राहिलो. कुनी सांगितलं न्हाई, पन उठलो. वर्गात उठायचो तसं.

गुरुजी थांबले. ट्रंक खाली ठिवली. आमच्याकडं बगत राहिले, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापत्तूर. मंग त्येंनी नावं घ्यायला सुरवात केली. हजेरीबुक हातात नव्हतं. पटावर होती त्याच क्रमानं, पाठ.

"हजर." "हजर, गुरुजी." एक-एक जन म्हनत व्हता. दत्तूचं नाव घेतलं, त्यो म्हनला, पन मान खाली घालून. पोरं झाली, मंग पोरी.

"सरस्वती बाबूराव."

मी खुरपं धरून निसती उभी. गंगीनं माझ्याकडं बगितलं आन म्हनली, "हजर, गुरुजी."

"जिचं तिनं म्हणायचं."

आन थांबले. चाकनची मोटार चुकंल म्हनून घाई न्हाई, काय न्हाई. मुठीत चिचोके नव्हते, पन बोटं हलत व्हती. सहा-सात चिचोके पडले असते येवढा येळ गेला.

"हजर," मी म्हनलं.

गुरुजींनी मान हलवली आन ट्रंक उचलायला वाकले. तेवढ्यात दत्तूच्या ध्यानात आलं. त्यो जुन्या सवयीनं वरडला, "गुरुजी! वीसात वीस! शेकडा शंभर!"

गुरुजी ट्रंक डोक्यावर घिऊन सरळ झाले.

"कशाचे?" त्येंनी इचारलं.

वर्गच ऱ्हायला नव्हता; दत्तूनं हातातल्या खुरप्याकडं बगितलं. गुरुजी थांबले, वर्गात थांबायचे तेवढंच. मंग वाटंला लागले. आमी खाली बसलो आन खुरपाय लागलो.